हिरवी तूर

साल एकोणीसशे एकोणऐंशी. त्या वर्षी वैशाखी पौर्णिमेपासूनच्या तीन दिवसांत मुडबीच्या भीमनगर गल्लीतून तुरीची एक्केचाळीस झाडं मुळासकट उपटली गेली. उपटा म्हणून सांगणारी बाई सरुबाई होती, आणि गल्लीनं ती झाडं इतकी वर्षं जपली होती तीही सरुबाईमुळेच. हे कसं झालं ते सांगायचं तर थोडं मागं जायला हवं.

सरुबाई लग्न होऊन मुडबीत आली तेव्हा सोळा वर्षांची होती. नवरा व्यंकट, दोन एकर काळ्या रानात राबणारा, दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलणारा. सासू चांगुणाबाई मात्र गल्लीची खरी मालकीण. ती सुईण होती. भीमनगरात जन्मलेल्या प्रत्येकाला तिनं पहिल्यांदा उलटं धरून पाठीत थापटलं होतं, त्यामुळे मोठेपणी कुणी मास्तर झालं काय किंवा पोलीस झालं काय, तिच्यासमोर आवाज चढवायची कुणाची छाती नव्हती.

लग्नाला सात वर्षं झाली तरी सरुबाईला मूल नव्हतं. त्या सुमाराला गल्लीत एक बारसं होतं. बाळाला पाळण्यात घालायला सरुबाईनं हात पुढं केले, तशी उमरग्याकडून आलेली एक पाहुणी म्हणाली, “थांब गं. वांझेचा हात नको पहिल्यांदा.”

सरुबाईनं हात मागं घेतले. चांगुणाबाईनं पाहुणीला आधी चहा पिऊ दिला. कपबशी खाली ठेवलेली पाहिली, मग उठली.

“ऐका गं बायांनो,” ती म्हणाली. “ह्यो शब्द आज निघाला तेवढा बास. हितून पुढं ह्या गल्लीत ज्या बाईच्या तोंडातून निघंल, तिनं आपलं बाळंतपण आपुन करून घ्यावं. म्या यायची न्हाई. कळा यायल्या म्हनून बोंबलत आलात तरी न्हाई.”

त्या घरात त्या वेळी तीन बाया गरोदर होत्या. शब्द तिथल्या तिथं मेला.

मग गल्लीची फार पंचाईत व्हायची. शब्द काढायचा नाही म्हणजे कशासाठीच नाही. न फळणाऱ्या लिंबाला ‘लाजरं’ म्हणायला लागले. कुणाची गाय गाभण राहत नसली तर ती ‘दम खायलीय’. पुरुषमाणसांना काही बाळंतपणाची भीती नव्हती, पण घरी बायका होत्या. सरुबाईला हे सगळं दिसायचं. कधी हसू यायचं, कधी एकटीच बसावंसं वाटायचं. शब्द नाहीसा झाला तरी त्याची जागा रिकामी दिसतेच.

आता तुरीचं सांगते. तुरीला एक रोग येतो. पानं बारीक होतात, फिकट-हिरव्या ठिपक्यांनी भरतात, झाड झुडपासारखं दाट होतं. फूल मात्र धरत नाही. आणि मरतही नाही. शेजारची तूर शेंगा भरून, वाळून, तिच्या तुराट्या होऊन कुडाला लागल्या तरी हे आपलं उभंच, हिरवंगार. मराठीत त्या तुरीला वांझ म्हणतात आणि कानडीत गोड्डू. अर्थ दोन्हीकडे तोच.

सरुबाईच्या परसात न्हाणीच्या पाण्यावर दोन-तीन तुरी आपोआप उगवल्या होत्या. माघ सरला, साऱ्या शिवारातली तूर निघाली, आणि परसातल्या तुरी फुलल्याच नाहीत. व्यंकट कुऱ्हाड घेऊन गेला, झाडापाशी उभा राहिला, मागं बायको उभी आहे हे त्याच्या ध्यानात आलं.

“ही... ही हिरवी ऱ्हायली बघ,” तो म्हणाला.

“असू द्या मग,” सरुबाई म्हणाली. “सावली देती. शेळीला पाला होईल.”

तेव्हापासून भीमनगरात त्या झाडांना ‘हिरवी तूर’ हे नाव पडलं. उन्हाळ्यात जिथं गवताची काडी दिसत नाही, तिथं शेळीला ओला पाला मिळतोय म्हटल्यावर घरोघरी ती राखली गेली. सरुबाईकडं होता होता नऊ झाडं झाली. रोज न्हाणीतून आली की ती ओले केस पिळत त्यांच्यात बसायची. आपल्याला कुणी काही विचारत नाही अशी गावातली ती एक जागा होती.

त्या नवांत एक झाड वेगळं होतं. त्याच्या पानांवर ठिपके नव्हते, गोल गोल कडी होती, काचेच्या बारीक बांगड्या काढून ठेवल्यासारखी. तेही बाकीच्यांसारखं उन्हाळाभर हिरवं राहायचं, पण कार्तिकात फुलायचं आणि पौषात शेंगा द्यायचं. सरुबाई त्याला बांगडीची तूर म्हणायची. त्याच्या शेंगा ती वरणाला वापरत नसे. मडक्यात राखेत घालून बी जपून ठेवायची. कशासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं.

मग जगदेवप्पा आला.

हा आळंदच्या पलीकडचा, पंचवीस-सव्वीस वर्षांचा, शेतकी शिकलेला पोरगेलासा माणूस. तुरीच्या एका सरकारी योजनेवर होता. सायकल, वही, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग, आणि खिशात कागद टाचायचं एक यंत्र. त्या यंत्रानं तो झाडाला झाड टाचतो अशी गावात बातमी होती. रोगट पान आणायचं, घडी करून चांगल्या रोपाच्या पानावर ठेवायचं आणि खटकन टाचून द्यायचं, म्हणजे एकाचा रोग दुसऱ्याला होतो की नाही ते कळतं. लोक त्याला टाचणीसाहेब म्हणायचे.

पहिल्यांदा तो अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत आला. त्याला एवढंच शोधायचं होतं की हंगाम संपल्यावर हा रोग उन्हाळाभर कुठं मुक्काम करतो. गावात परसोपरसी फिरून जिथं वांझ तूर दिसेल ती काढून टाकायला तो सांगत होता, आणि इतर गल्ल्यांनी ती काढलीही. भीमनगरात मात्र तो आत शिरला नाही. तोंडाशी लिंबाच्या कट्ट्यावर सायकल टेकवली आणि बसलेल्या बायांना विचारलं, “मावशी, इथं कुणाच्या परसात वांझ तूर आहे का?”

सरुबाई तिथंच सुपात जवारी निवडत बसली होती. चांगुणाबाईनं चंचीतून काढलेली सुपारी तिच्या हातातच राहिली.

“काय म्हनलास?”

“वांझ तूर. गोड्डू, गोड्डू.” दोन भाषांत सांगितलं म्हणजे नीट कळेल असं बिचाऱ्याला वाटलं.

“असलं काही न्हाई हितं.”

“एक पण झाड न्हाई?”

“न्हाई म्हनलं न्हवं का? हिरवी तूर हाय घरोघर. लिवून घे.”

जानेवारी चालू होता. जानेवारीत हिरवी तूर म्हणजे कोवळ्या शेंगा, सोलून आमटीला टाकायच्या. जगदेवप्पानं वहीत लिहिलं, ‘भीमनगर: रोग नाही. भाजीपुरती हिरवी तूर.’ आणि सायकलवर टांग टाकून गेला. सरुबाई सुपातले खडे वेचत राहिली. तिला सगळं कळलं होतं. ती बोलली नाही.

भीमनगरच्या पूर्वेला ओढा होता आणि ओढ्यापलीकडं मल्लप्पाचं रान. मल्लप्पा जुन्या शेतकरी घरातला, कानडी बोलता बोलता मराठीत शिरायचा आणि मराठी बोलता बोलता उर्दूत. त्याचा आणि व्यंकटचा बांध लागून होता. त्या पावसाळ्यात मल्लप्पाच्या रानात तूर गुडघ्याएवढी झाली आणि थांबली. पोळ्यापर्यंत अर्धं रान झुडूप झालं. दिवाळीत जिथं पिवळा बहर दिसायचा तिथं नुसता पाला. व्यंकटच्या रानातही रोग होता, पण व्यंकटनं मिसळ पेरलं होतं, त्यामुळं त्याचं निभावलं.

एकोणऐंशीच्या चैत्रात जगदेवप्पा पुन्हा आला. गाव पालथं घातलं तरी त्याला मुक्कामाची जागा सापडत नव्हती. उन्हानं त्याचा घसा सुकला आणि तो सरुबाईच्या दाराशी थांबला.

“मावशी, पाणी मिळंल का?”

चांगुणाबाईनं त्याला वरून खाली पाहिलं. “आमच्या घरचं चालतंय न्हवं, बाबा? आधी इचारलेलं बरं.”

“सकाळपासून सायकल मारायलोय, मावशी. तुम्ही द्या तर आधी.”

तो दोन तांबे पाणी प्यायला. तिसरा तोंडाला लावताना त्याची नजर न्हाणीच्या कुडावरून पलीकडं गेली. चैत्रातल्या त्या भाजक्या उन्हात नऊ झाडं हिरवीगार डोलत होती.

“ते काय हाय?”

“हिरवी तूर,” सरुबाई म्हणाली.

तांब्या तसाच ठेवून तो परसात धावला. पान तोडलं, उलटं केलं, भिंग लावलं, आणि मटकन खालीच बसला. मग कपाळावर हात मारून हसायला लागला.

“लिवून घेतलं होतं की मी! वहीत लिवलंय! हिरवी तूर!”

“म्हनून तर म्हनलं, लिवून घे,” चांगुणाबाई म्हणाली. “आमी काही लपवून ठिवलं न्हवतं.”

त्यानं सरुबाईच्या हातात भिंग दिलं. पानाच्या मागं फिकट, काडीच्या तुकड्यासारखं काहीतरी सरकत होतं. “हा कोळी. इतका बारीक की वाऱ्यावर उडतोय. रोग हा करत न्हाई, रोग ह्याच्या तोंडातून जातोय. विषाणू असावा.”

“तो कसा असतोय?”

“अजून कुणी पाहिला न्हाई, अक्का.”

“न पाहिलेल्याच्या मागं सायकल मारायलास व्हय?”

जगदेवप्पा लाजला, पण त्याला बोलायची हौस होती. “खूण दिसतीय की. आता बघा, झाड मारतो का हा? न्हाई. कामून मारत न्हाई? मारलं तर राहणार कुठं? मागं कधी काळी मारकुटे पण असतील. जे मारकुटे होते ते झाडाबरोबर मेले, त्यांचा वंश बुडाला. ज्यांनी झाड जगू दिलं त्यांचा वाढला. हजारो वर्षं असंच चाललंय. झाडाला फूल धरू द्यायचं न्हाई, म्हणजे झाड थकत न्हाई, वाळत न्हाई. वर्षभर हिरवं घर, वर्षभर कोळ्याला चारा.”

“म्हंजी घरजावई,” चांगुणाबाई म्हणाली. “मरू द्येत न्हाई आन् कामाला बी लागत न्हाई.”

जगदेवप्पा पोट धरून हसला. मग त्याचं लक्ष बांगडीच्या तुरीकडं गेलं आणि हसू थांबलं. तो कितीतरी वेळ त्या झाडाभोवती फिरत राहिला. आठ रोगट झाडांच्या गराड्यात राहूनही हे फळतं, हे त्याला सरुबाईनं सांगितलं तेव्हा त्यानं तिला दोनदा विचारून खात्री केली.

“अक्का, ह्याला पण रोग झालाय. ही कडी म्हणजे रोगच. पण ह्यानं त्याला सोसलंय. रोगानं झाड मारायचं सोडलं, झाडानं रोगाशी जमवून घेतलं. ह्याचं बी आहे का?”

“हाय.”

“बियात रोग उतरत न्हाई. बी साफ असतंय. ते मला थोडं द्या.” मग तो खाली बघून म्हणाला, “आणि मृगाच्या आत ही झाडं उपटायला लागतील. सगळी.”

“ह्ये सुदिक?” सरुबाईनं बांगडीच्या तुरीवर हात ठेवला.

“हे पण. हे फळतंय म्हणून कुणाला शंका यायची न्हाई, पण कोळी ह्याच्यावर पण जगतोय.”

“फळलेलं झाड कुणी उपटतंय का?” ती म्हणाली आणि घरात गेली.

जगदेवप्पा महिनाभर खेपा घालत होता. गल्लीत कुणी नाही म्हणत नसे आणि कुणी उपटतही नसे. “सरुबाईला इचारा,” एवढंच. आधी त्यांच्याकडं वांझ तूर नव्हतीच, मग ती असल्याचं कोण म्हणणार? आणि सरुबाई त्याला चहा द्यायची, पाणी द्यायची, बियांची पुरचुंडीही तिनं दिली, पण झाडांचा विषय निघाला की उठून चुलीपाशी जायची.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मल्लप्पा बांधावर भेटला. हातात गाडगं होतं.

“कुठं निघालाव, अण्णा?”

“वढ्यात टाकायला, अक्का. बियाणं हाय. आमच्या आज्यापासून घरात चालत आलंय. त्याच्यातच खोट हाय आता. गेल्या साली नुसता पाला दिलंय. गावची मंदी, सारे लोक, काय काय म्हणायलेत. कोण म्हणतंय नजर लागली, कोण म्हणतंय मल्लप्पाच्या घराण्याचंच बी नासलं. माझी बायको तर रानात यायची बंद झाली.” तो हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. “बियात खोट असल्यावर माणूस काय करंल?”

सरुबाई उभी राहिली. बियात खोट. हे किती ठिकाणी, किती तोंडांनी तिनं ऐकलं होतं. तिच्या पाठीमागं, कुजबुजत, आणि गल्लीत तर न बोलूनसुद्धा. कुणी तपासलेलं नसतं, कुणी पाहिलेलं नसतं, पण खोट कुठं आहे ते सगळ्यांना ठाऊक असतं. आणि ह्या माणसाच्या बियात खोट नव्हती. खोट तिच्या परसातून वाऱ्यावर उडून त्याच्या रानात जात होती, आणि ती न्हाऊन आलेले केस पिळत त्या झाडांत बसत होती.

“अण्णा,” ती म्हणाली, “गाडगं परत न्या.”

“कामून?”

“बियाणं साफ हाय तुमचं. टाकू नका. परवापातूर थांबा.”

“परवा काय हाय?”

“थांबा म्हनलं न्हवं.”

मुडबीचा बुद्धविहार तेव्हा चार पत्र्यांची खोली होती. पौर्णिमेला सकाळी वंदना झाली, खिरीची पातेली आली. वाटप सुरू होणार, एवढ्यात सरुबाई उठली. सभेत उठून बोलायची ती पहिलीच वेळ. पदर सारखा करायला तिला नको तितका वेळ लागला.

“खीर खायच्या आधी एक सांगते,” ती म्हणाली. “माझ्या परसात तुरीची नऊ झाडं हायत. ती वांझ हायत.”

पळी पातेल्यावर आपटल्याचा आवाज झाला.

“तुमच्या परसात बी हायत. वांझ तूर. माझ्यासाठी म्हनून तुमी त्याला हिरवी म्हनलाव, ते माझ्या ध्यानात हाय, जन्मभर ऱ्हाईल. पर त्या नावापायी शेजाऱ्याचं रान गेलं. टाचणीसाहेब वांझ कुठं हाय म्हनून हिंडायलाय, आन् आपुन न्हाई म्हनायलाव. आता मृगाच्या आत उपटा. म्या माझी आजच उपटायलीय.”

सगळ्यांच्या नजरा चांगुणाबाईकडं. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. तिनं सावकाश सुपारी गालातून दुसऱ्या गालात घेतली.

“सरे, शब्द कुनाच्या तोंडातून निघाला?”

“माझ्या, आत्या.”

“एकदा न्हाई, तीनदा. नेम ठावं हाय न्हवं? जिच्या तोंडातून निघंल, तिच्या बाळंतपणाला म्या जायची न्हाई.”

“मग नका येऊ, आत्या,” सरुबाई म्हणाली. “तुमची एक खेप वाचली.”

आधी हसली ती चांगुणाबाईच. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, सुपारी घशात अडकून ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. तिच्यामागं सारा विहार हसला. सरुबाईही हसली. चौदा वर्षं सगळ्यांनी जपून, टाळून, वळसे घालून चालवलेली गोष्ट अशी भर सकाळी खिरीच्या पातेल्यापाशी मोकळी झाली, आणि तिला आतून हलकं वाटलं. खीर त्या वर्षी कमी पडली असं म्हणतात.

त्याच दुपारी तिनं आठ झाडं एकटीनं काढली. बांगडीच्या तुरीला मात्र व्यंकटला बोलवावं लागलं. सोटमूळ खोल गेलं होतं. दोघांनी मिळून ओढलं तेव्हा दोघंही मागं पडले, मातीत बसून राहिले.

“लै खोल गेलती,” व्यंकट म्हणाला. त्याच्या मानानं ते भाषण होतं. मग त्यानं तिच्या केसातली माती झटकली.

तिसऱ्या दिवशी गल्लीतलं शेवटचं, एक्केचाळिसावं झाड निघालं. जगदेवप्पानं रोगट फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून आपल्या कामाला नेल्या. भाद्रपदात त्यानं व्यंकटला आणि सरुबाईला गुलबर्ग्याला आपल्या कामाच्या ठिकाणी बोलवून घेतलं. लाल बसनं ती दोघं गेली. जाळीच्या खोलीत कुंड्यांच्या रांगा होत्या आणि प्रत्येक रोपाच्या पानावर एकेक वाळकं पान टाचलेलं.

“ही रांग मल्लप्पाच्या बियाची. ही तुमची.”

मल्लप्पाची रोपं झुडपं झाली होती. सरुबाईच्या बियांच्या रोपांवर बारीक बांगड्या उमटल्या होत्या आणि कळ्या डोकावत होत्या. सगळ्यांना नाही. शंभरात सात-आठ रोपं तिच्या रांगेतही झुडूप झालेली होती.

“मग ह्यो रोग जितला का हारला?” तिनं विचारलं.

“कोणीच जिंकत न्हाई, अक्का. रोग पण बदलत राहतोय. उद्या साऱ्या मुलखानं फक्त तुमचंच बी पेरलं, तर त्याला दुसरं घरच उरणार न्हाई. मग लाखात एखादा असा निघंल की ज्याला बांगडीच्या तुरीचं पण फूल बंद करता येतंय. आणि घर सगळीकडं एकसारखं असल्यावर तोच वाढंल.”

सरुबाईनं विचार केला. “म्हंजी मल्लप्पा अण्णाचं बी टाकायचं न्हाई.”

“न्हाई.”

“माझं बी घालायचं, त्यांचं बी घालायचं. मिसळून. त्याला कळूच द्यायचं न्हाई कोन कुठं हाय.”

जगदेवप्पानं वही काढली आणि हे लिहून घेतलं. या वेळी त्यानं तिला वाचूनही दाखवलं.

त्या दिवाळीत ओढ्यापलीकडचं रान पिवळंधम्मक झालं. मार्गशीर्षात एके सकाळी मल्लप्पा खांद्यावर पोतं घेऊन दाराशी आला. भरलेल्या, टचटचीत, कोवळ्या शेंगा.

“अक्का,” तो म्हणाला, “हिरवी तूर आणलीय.”

आतून चांगुणाबाई ओरडली, “नीट बघून घे गं, सरे! खरीच हिरवी हाय का?”

त्या दिवशी घरात सोल्यांची आमटी झाली, आणि मल्लप्पा कट्ट्यावर बसून दोन भाकरी खाऊन गेला.

चांगुणाबाई चौऱ्याऐंशी साली गेली. तोवर तिनं गल्लीत आणखी तेवीस बाळंतपणं केली, त्यांत उमरग्याच्या त्या पाहुणीच्या नातीचंही एक होतं. त्या पाहुणीला तिनं चहा मात्र दिला नाही.

जगदेवप्पाची बदली खाली बंगळुराकडं झाली. शहाऐंशी साली त्याचं पत्र आलं. तिकडं त्यानं बांगडीचं बी लावून पाहिलं आणि तिकडच्या रोगानं त्याचं झुडूप केलं. ‘इकडचा रोग वेगळ्या वळणाचा निघाला, अक्का. मिसळून पेरा म्हणालात ते मी इकडं सांगतोय,’ असं त्यानं लिहिलं होतं. त्याला दोन मुली झाल्या. धाकटी शेतकी शिकायला लागली असं नंतरच्या पत्रात होतं.

मल्लप्पानं आज्याचं गाडगं जन्मभर टाकलं नाही. म्हातारपणी त्याला कमी दिसायचं, तरी बियाणं तो बोटांनी चाचपून ओळखायचा. व्यंकट अठ्ठ्याऐंशी सालापर्यंत होता. न्हाणीचा कूड त्यानं त्या एक्केचाळीस झाडांच्या तुराट्यांचा बांधला होता, तो त्याच्यानंतरही उभा होता.

आणि सरुबाई दर चैत्रात गल्लीतली सगळी परसं बघून यायची. कुठं एखादी तूर हिरवी दिसली की पोरीबाळी आधीच ओरडत यायच्या, “आज्जे, आमच्याकडं वांझ तूर निघाली!” आणि ती उपटायला लावायची. नव्वद साली, अठ्ठेचाळीस वर्षांची असतानाच सगळी गल्ली तिला आज्जी म्हणत होती. मृग लागला की भीमनगरातले आणि ओढ्यापलीकडचेही लोक तिच्या दाराशी यायचे. ती दोन मडकी पुढं घ्यायची, एकातलं आणि दुसऱ्यातलं परातीत ओतून हातानं कालवायची. पहिली मूठ तिच्याच हातची घ्यायची असा तिकडं नेम पडला होता. नव्या सुना ओंजळ पुढं करायच्या, आणि ती मूठ भरून द्यायची.